माळावरच्या बुटक्या झाडांचा वारस

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

मी, नाथाजी आकाराम घार्गे, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा शेती, पलटणीचा पेन्शनर, राहणार मौजे गव्हाणमाळ, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो.

लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. गावात याबद्दल दोन मते आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. हे कोणी मला धाक घालून, गोड बोलून किंवा दारू पाजून लिहवून घेतलेले नाही. दारू मी पलटणीतसुद्धा घेतली नाही. माझ्या वाट्याची रम शेजारच्या खाटेवरचा घेत असे आणि त्या बदल्यात माझे बूट पुसत असे. येत्या पंधरवड्यात मिरजेस माझ्या पोटाचे दुसरे ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून माझ्या भावाला आत बोलावले, तेव्हाच काय ते मला समजले. भीती म्हणाल तर नाही. माझ्यामागे काय काय उपटले जाईल याचा राग मात्र आहे, आणि तो मी लपवणार नाही.

इस्लामपूरचे वकील अनंतराव यांनी मला मृत्युपत्राचा नमुना दिला. त्यात स्थावर आणि जंगम असे दोन भाग होते. मी विचारले, "झाडे कशात धरायची?" ते म्हणाले, "जमिनीत आहेत तोवर स्थावर, कुंडीत आली की जंगम." कायद्याचे एवढे एक वाक्य मला पटले. बाकीचे मी माझ्या पद्धतीने लिहितो. याचा कच्चा कागद वाचून ते म्हणाले होते, "नाथाजीराव, मृत्युपत्रात एवढं सगळं लिहीत नाहीत हो." मी म्हणालो, "न लिहिल्यानंच भांडणं लागतात, वकीलसाहेब."

कलम पहिले. गावठाणातील राहते घर, भांडीकुंडी, दुभती म्हैस व पोस्टातील शिल्लक माझी पत्नी राहीबाई हिला पूर्ण मालकीने द्यावी. काळ्या रानातील माझा हिस्सा तिने हयातभर खावा, आणि तिच्यामागे तो माझे धाकटे बंधू हंबीरराव यांच्या मुलांकडे जावा. ते रान आमच्या वडिलांचे आहे, त्यांच्या नातवांना जाण्यात माझी काही तक्रार नाही. देवघरातील खंडोबाचा टाक हंबीररावाने न्यावा, रविवारी त्याला भंडारा वाहावा. देवाच्या बाबतीत आम्हा भावांचे कधी भांडण झालेले नाही. विहिरीतील माझी पाण्याची पाळीही त्यालाच, पण खाली लिहिलेल्या माळाच्या तुकड्याला रोज लागेल तेवढे पाणी आधी सोडून, मग उरलेली.

या कलमावर कोणाला बोलायचे असेल असे वाटत नाही. बोलणे पुढच्यावर होईल.

कलम दुसरे. माळाचा तुकडा. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस हंबीररावाचे उसाचे रान, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस गायरान. ही जमीन वडिलार्जित नाही. पलटणीतून सुटून आल्यावर मी ती स्वतःच्या पैशाने घेतली. कागद माझ्या एकट्याच्या नावाचा आहे आणि तो राहीबाईच्या पेटीत आहे. घेतली तेव्हा हंबीरराव बांधावर उभा राहून म्हणाला होता, "आण्णा, हितं कुसळं बी रडत उगवत्यात. पैसं जास्त झालं व्हतं तर मला द्याचं व्हतं की."

आता उपसा योजनेचे पाणी पाणंदीपर्यंत आले आहे, आणि त्याच माळाकडे तो नव्या सुनेकडे पाहावे तसा पाहतो. मुरुमावर गाळ टाकला, पाणी फिरवले की ऊस होतो, हे त्याचे म्हणणे खरे आहे. तो शेतकरी माझ्यापेक्षा चांगला आहे. परंतु त्या तुकड्यात ऊस व्हावा अशी माझी इच्छा नाही, मी जिवंत असताना नाही आणि मेल्यावरही नाही.

कलम तिसरे. त्या तुकड्यात काय आहे, ते लिहितो; कारण ज्या मिळकतीचे वर्णन नीट नसते तिच्यावर नांगर लवकर फिरतो.

त्यात सुईसारख्या आणि खवल्यांसारख्या पानांची झाडे आहेत, ज्यांना शिकलेले लोक सूचिपर्णी म्हणतात. मोरपंखी, सरू, जुनिपर आणि थोडे चीड. ही झाडे ताटाएवढ्या उथळ कुंडीत लावून, छाटून, तारेने वळवून, पन्नास-शंभर वर्षे हातभर उंचीची ठेवता येतात. जपानी लोक त्याला बोन्साय म्हणतात. गावातले लोक बुटकी झाडे म्हणतात, आणि मला बुटक्याचा नाथा.

एकोणीसशे शेहेचाळीस साली आमची पलटण जपानात होती. लढाई संपलेली होती, आम्ही पहाऱ्यापुरते होतो. छावणीच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याचे घर होते, अर्धे जळालेले. उरलेल्या अर्ध्याच्या पडवीत फळीवर ही झाडे ओळीने मांडलेली. आग लागली तेव्हा त्याने आधी झाडे बाहेर काढली असावीत, कारण भांडी मला कुठे दिसली नाहीत. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. एकदा तो मला डोंगरावर घेऊन गेला. कड्याच्या फटीत एक वेडेवाकडे झुडूप होते. त्याच्यासमोर तो वाकला, हात जोडले, मग खणायला बसला. आमच्याकडचे वैदूही मुळी उपटण्याआधी तिला आदल्या दिवशी आवतण देऊन येतात. त्या दिवसापासून मला तो परका वाटेना.

त्याच्याकडून एक गोष्ट शिकलो. असे झाड बियांपासून करायला एक जन्म पुरत नाही, म्हणून ते शोधावे लागते. वाऱ्याने वाकवलेले, शेळ्यांनी ओरबाडलेले, माणसाने कातरून कातरून बुटके ठेवलेले. खोड जाड, उंची कमी. बाकीचे जग टाकून देते तेच आपल्या कामाचे.

सुटून आल्यावर मी काही वर्षे माधवनगरास एका बंगल्यावर राखणदार होतो. तिथे मोरपंखीचे कुंपण होते, वर्षानुवर्षे गुडघ्याएवढे कातरलेले. खोडे मनगटाएवढी. मालकांना दगडी भिंत हवी झाली. माळी कोंडीबा कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा मी म्हणालो, "तोडू नकोस, मुळासकट काढ, मी नेतो."

"सरपनाला व्हय?"

"लावायला."

तो कुऱ्हाडीवर रेलून हसला. "आवं, ह्ये म्हंजे बाजारात जाऊन म्हाताऱ्या म्हशी इकत घ्यायचं झालं."

बैलगाडीतून ती आणली आणि उसाच्या माणसाला सुचावे तसेच केले: काळ्या रानात लावून भरपूर पाणी पाजले. निम्मी पिवळी पडून गेली. मुळांना श्वास लागतो, तो चिकणमातीत कुठला! उरलेली माळावर नेऊन दोन रांगांत लावली. मुरूम, नदीची वाळू आणि वीटभट्टीचा चुरा यांच्या गादीवर, खाली फरशीचा तुकडा ठेवून, म्हणजे मुळे खोल न जाता पसरतील. माळ मी घेतला तो यासाठी. जी जमीन कुसळांना रडवते ती या झाडांना मानवते.

आणि थोरला. हे नाव मी एका जुनिपरला दिले होते. पाचगणीस एका बंद बंगल्याच्या उतारावर, ढासळलेल्या दगडांखाली तो दबला होता. खोड एका बाजूने वाळून पांढरे हाडासारखे झालेले, दुसऱ्या बाजूने एक जिवंत शीर वर गेलेली, आणि टोकाला हिरवागार. बंगल्याचा राखणदार पाटणचा ज्ञानू, आमच्याच पलटणीतला. त्याने मालकांना विचारून मला परवानगी मिळवून दिली. पहिल्या वर्षी मी अर्ध्या गोलात चर खणून मुळे तोडली आणि वाळू भरून परत आलो. दुसऱ्या वर्षी उरलेला अर्धा. तिसऱ्या वर्षी उचलला. ओल्या पोत्यात गुंडाळून एस.टी.त चढलो तर कंडक्टर आडवा आला.

"पावनं, ह्ये काय हाय?"

"झाड हाय."

"मांडीवर घेतलंय म्हंजे लेकरू दिसतंय. वय काय ह्याचं?"

"तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त."

"मग फुल तिकीट," म्हणाला, आणि खरोखरच फाडले. ते मी आनंदाने घेतले.

कलम चौथे. हे कलम मिळकतीचे नाही, पण लिहितो.

आम्हा उभयतांना मूल नाही. भावकीत असे बोलले जाते की, झाडाची वाढ कोंडली म्हणून वंशाची वाढ कोंडली. याला माझे उत्तर असे की, आमचे लग्न झाले तेव्हा आणि त्यानंतर कित्येक वर्षे माझ्याकडे एकही झाड नव्हते. त्या वर्षांत कोणी काय कोंडले होते, ते बोलणाऱ्यांनी सांगावे. राहीबाईचे उत्तर माझ्यापेक्षा चांगले आहे. आमच्या चुलती रंगूबाई एकदा विहिरीवर तिला म्हणाल्या, "आगं, ती बुटकी झाडं वड्यात टाक. झाड खुरटलं की कूस खुरटती."

राही घागर भरत होती, ती वर न बघता म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या परड्यात आभाळाएवढा वड हाय. मग तुमचा ल्योक आसा कसा निपजला?"

नंतर बरेच महिने आम्हाला त्यांच्या घरून हळदी-कुंकवाचे बोलावणे आले नाही. बरे झाले.

देवळात बसणाऱ्या काही भल्या माणसांनी मला दुसऱ्या अंगाने सांगितले की, झाडाला बांधून, कापून ठेवणे ही हिंसा आहे, त्याला मोकळे जमिनीत लावून टाका. यावर मी पुष्कळ विचार केला. रोज पहाटे खंडोबापुढे बसतो तेव्हाही केला. सह्याद्रीच्या कड्यावर जाऊन पाहावे. वारा फांद्या मोडतो, शेळी शेंडा खाते, कातळ मुळे आवळतो, आणि तिथले झाड गुडघ्याएवढे राहून माणसापेक्षा जास्त जगते. देवाने केले तर ते तप, आणि नाथाजीने केले तर पाप, हा न्याय मला मान्य नाही. मी या झाडांना रोज पाणी दिले आहे. कड्यावर तेही कोणी देत नाही. शिवाय जे उसाला दर वर्षी बुडख्यापासून तोडतात आणि राहिलेल्या खोडव्याला ‘पुन्हा वाढ’ असे सांगतात, त्यांनी मला दया शिकवू नये.

कलम पाचवे. आता गुंडाविषयी.

गुंडा हा राहीबाईचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. तासगावकडे द्राक्षांच्या बागांत छाटणीचे काम करतो आणि त्या कामात त्याचा हात चांगला आहे. एकोणीसशे पंचाहत्तरच्या चैत्रात माझे पहिले ऑपरेशन झाले, मी महिनाभर मिरजेस होतो. राही माझ्याजवळ होती. घर आणि माळ सांभाळायला गुंडा आला. द्राक्षवाले त्या दिवसांत खरड छाटणी करतात. म्हणजे वेलीच्या सगळ्या काड्या कोंबाच्या डोळ्यावर कापून वेल बोडका करून टाकायचा. पंधरा दिवसांत तो असा फुटतो की कालचा वेल ओळखू येत नाही. गुंडाने माझी झाडे पाहिली. आजारपणामुळे मी हात लावला नव्हता, ती मोकाट वाढलेली. त्याला वाटले, दाजी घरी येतील तेव्हा झाडे बघून खूश होतील. त्याने पुढच्या रांगेला आणि कुंड्यांतल्या झाडांना खरड छाटणी दिली. थोरल्यालाही.

या झाडांचा धर्म वेगळा असतो. जुन्या लाकडावर ती फुटत नाहीत. फांदीवर मागे हिरवे पान राखून कापले तर जगते. हिरव्याच्या मागे कापले तर ती फांदी गेली, आणि सगळ्याच फांद्या तशा कापल्या तर झाड गेले.

मी माळावर बैलगाडीतून उतरलो तेव्हा तो तिथल्या हौदाजवळ उभा होता. तोंडावर शाबासकीची वाट बघणे. "दाजी, आता बगा, म्हैन्याभरात कशी फुटत्यात!" राही एकदा झाडांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत म्हणाली, "आवं, त्येनं लय हौसेनं क्येलंय वो."

मी तसाच घरी जाऊन निजलो. वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. एक वाक्य सोडून.

तो परत गेला, पण दर महिन्याला सायकलवर यायचा. घरात न येता सरळ माळावर. खोडाची साल नखाने खरडून बघायचा, खाली हिरवे आहे का ते. पुढच्या महिन्यात पुन्हा. श्रावणात त्याने थोरल्याची साल खरडली, ती खाली तपकिरी निघाली. सगळीकडे खरडून पाहिली. मग तिथेच मुरुमात बसला आणि टोपी तोंडावर धरली. मी बांधावर होतो. त्याने विचारले, "दाजी, फुटत का न्हाईत ही?"

मी म्हणालो, "ही द्राक्षं न्हाईत."

ते माझे एक वाक्य.

आता दुसरी बाजू लिहितो, कारण हे कागद कोर्टात गेले तरी खरे ठरले पाहिजेत. द्राक्षवाला छाटलेली काडी फेकत नाही. चांगल्या काड्यांची जुडी बांधून ओल्या वाळूत पुरतो, म्हणजे त्यांना मुळ्या फुटतात आणि नवी बाग होते. गुंडाने सवयीने तेच केले होते. हौदामागे जांभळीच्या सावलीत, पाण्याच्या ओलीवर, सगळ्या छाटलेल्या टोकांची त्याने वाळूत ओळ लावली होती आणि नंतर आपणच ती विसरला होता. या झाडांची तोडलेली फांदीही महिनोन्‌महिने हिरवी दिसते, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. दिवाळीच्या सुमारास हौद धुताना एक काडी उपटून टाकायला गेलो. ती आली नाही. जोर केला, तरी आली नाही. मग मी वाळूत गुडघे टेकून हाताने उकरले. पांढऱ्या दोऱ्यासारख्या मुळ्या होत्या. खवल्यांचे बारीक पान, निळसर झाक. ते थोरल्याचे.

राहीने सांगितले, "आता तरी बोला त्येच्याशी." मी बोललो नाही. थोरला गेला तो गेला. त्याचे पांढरे हाड, दगडाखाली वाकलेली ती शीर, ते सारे गेले. त्याच्या काड्या म्हणजे तो नव्हे. कोणी मला हिशेब बरोबर झाला असे सांगू नये. झालेला नाही.

कलम सहावे. असे असताना मी लिहून ठेवतो की, माळाचा तुकडा, त्यातील जमिनीतली व कुंडीतली सर्व झाडे, मागच्या रांगेतली वाचलेली मोरपंखी, वाळूतून काढून लावलेली काड्यांची रोपे, फरशा, कुंड्या, कात्र्या, करवत आणि विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींतून गोळा केलेल्या तांब्याच्या तारेची वेटोळी, हे सर्व माझा मेव्हणा गुंडा यास पूर्ण मालकीने द्यावे.

हे मी हंबीररावाला स्वतः सांगितले आहे. पाठीमागून त्याला कळावे हे मला बरे वाटले नाही. त्याने ओठाकडे नेलेली विडी परत खाली घेतली. मग म्हणाला, "आण्णा, भाऊ मी का त्यो?"

"भाऊ तू."

"मग?"

"काळं रान तुझ्या पोरांना दिलं की."

"ज्यानं तुजी झाडं मारली, त्यालाच माळ?"

"व्हय, त्यालाच."

"आरं, लोक शेण घालतील तोंडात."

"घालू द्यात. शेण बी उपेगी पडतं."

तो उठला. पाणंदीवर जाऊन परत आला आणि म्हणाला, "त्यो उद्या इकंल. मलाच इकंल, बग तू."

असेही होईल. मी वकीलसाहेबांना विचारले होते की, वीस वर्षे विकू नये अशी अट घालता येईल काय. ते म्हणाले, मालकी पूर्ण दिल्यावर अशी अट कोर्टात टिकत नाही. तेव्हा अट घालत नाही. गुंडाने माळ विकला तर हंबीररावाने बाजारभावाने घ्यावा आणि बेधडक ऊस लावावा, मी भूत होऊन बांधावर बसणार नाही. पण माझा अंदाज तसा नाही. या गावात त्या झाडांसाठी रडलेला माझ्याशिवाय एकच माणूस मी पाहिला, आणि तो त्यांना मारणारा होता. बाकीच्यांनी मारलीही नाहीत आणि त्यांच्यासाठी रडलेही नाहीत. मला वारस निवडायचा होता, निरपराध माणूस निवडायचा नव्हता.

कलम सातवे. गुंडास सूचना. त्याला वाचायला अडखळते, म्हणून वकीलसाहेबांनी त्याला हे दोनदा वाचून दाखवावे.

कापण्याआधी मागे हिरवे आहे का बघ. नसेल तर कात्री खिशात घाल. काड्यांची रोपे इतक्यात कुंडीत घालू नकोस. जमिनीत मोकळी वाढू दे, खोड जाड होऊ दे. प्रत्येक रोपावर खालची एक फांदी अजिबात न छाटता मोकाट सोड. ती ओढून घेते म्हणून खोड भरते. ती सालगडी फांदी समज. खोडासाठी राबवून घ्यायची आणि काम झाले की काढायची. काढताना वाईट वाटेल, तरी काढ. मुळे कापायची ती थंडीत, पौष-माघात, उन्हाळ्यात कधीही नाही. मागच्या रांगेतले ओढ्याकडचे तिसरे मोरपंखी कुंडीला आले आहे, त्याला येत्या थंडीत खण. उरलेल्यांना अजून दहा-बारा वर्षे लागतील. कोल्हापूर, पाचगणी, महाबळेश्वर, जिथे जुने बंगले आहेत तिथल्या माळ्यांशी ओळख ठेव. कुंपण काढणार असे ऐकलेस की आधी तू पोहोच. कुऱ्हाड नंतर पोहोचू दे. खणण्याआधी हात जोड. कोणी हसले तर हसू दे.

आणि मी वर्षभर तुझ्याशी बोललो नाही, नंतरही तुटक बोललो, ते मुद्दाम. मला राग होता. अजूनही आहे. राग असूनही हे लिहितो आहे, यावरून काय समजायचे ते समज.

कलम आठवे. सांगलीचे श्री. शरच्चंद्र यांस, ज्यांनी हौसेने माझ्याकडून एक जुनिपर नेऊन दिवाणखान्यात रेडिओशेजारी ठेवला, तो सांगूनही उन्हात नेला नाही, आणि तो मेल्यावर हिरवा दिसतो म्हणून दोन महिने पाहुण्यांना कौतुकाने दाखवत राहिले, त्यांस माझी निळी चिनी मातीची कुंडी द्यावी. त्यांनी तीत शोभेचे दगड ठेवावेत. माणूस मनाचा चांगला आहे. झाड मेल्याचे कळल्यावर कुंडी परत द्यायला ते एस.टी.ने उभ्याने आले होते, आणि राहीने केलेली भाकरी दोनदा मागून खाल्ली होती.

कलम नववे, आणि शेवटचे. माझ्या मातीविषयी.

ऑपरेशन चैत्राच्या तोंडावर आहे. काही झाले तर ते उन्हातच होईल. अशा उन्हात उथळ कुंडी आणि कोवळी रोपे एका दिवसात जातात. सकाळचे पाणी चुकले तर संध्याकाळी घालून उपयोग नसतो. मी गेलो की घरातली आणि भावकीतली सगळी माणसे नदीवर जाणार. नंतर सुतक. तिसऱ्यापर्यंत रानात कोणी पाऊल टाकणार नाही. मला त्याबद्दल तक्रार नाही, रीत आहे. पण गुंडा भावकीतला नाही, सोयरा आहे. त्याला आमचे सुतक नाही.

म्हणून लिहितो की, गुंडाने माझ्या मातीला येऊ नये. त्याने त्या दिवशी माळावर राहावे.

याचा अर्थ गावात काय निघेल हे मला समजते. आमच्याकडे हे वाक्य माणूस वैऱ्याला बोलतो. राहीला वाचून दाखवले तेव्हा तिच्या हातातले तांदळाचे सूप तसेच राहिले. ती म्हणाली, "आवं, त्या वक्ताला माज्या मागं माजा भाऊ उबा नगो व्हय?"

तिचा हक्क झाडांच्या आधीचा आहे. मी म्हणालो, "तू सांग, तर खोडतो हे कलम."

तिने सगळे तांदूळ निवडले. मग म्हणाली, "नगं खोडू. ऱ्हाऊ द्या त्येला तितं. हितं येऊन बी त्यो नुस्ता रडंल. पर का ऱ्हायला, ते सपष्ट लिवा. न्हाईतर भावजी म्हनतील, मेला तरी राग सुटला न्हाई. आन्‌ त्यो गुंड्या बी तसंच समजंल, येडा हाय त्यो."

म्हणून तिच्या सांगण्यावरून स्पष्ट लिहितो, आणि हे कलम मला उचलण्याआधी अंगणात, सर्वांसमक्ष, गुंडाच्या देखत मोठ्याने वाचावे. मेव्हणा मातीला आला नाही म्हणून कोणी त्याला नावे ठेवू नयेत. त्याला मीच कामावर ठेवले आहे. मला खांदा द्यायला गावात पुष्कळ माणसे आहेत, हंबीरराव आहे, त्याची धडधाकट मुले आहेत. झारी धरायला मी एकच माणूस तयार केला आहे, आणि तो त्या दिवशी नदीवर उभा राहिलेला मला चालणार नाही. नदीवरचे आटोपून तुम्ही परत याल, तेव्हा माळावरची माती ओली दिसली पाहिजे.

येणेप्रमाणे लिहिले. पूर्वी काही लिहून ठेवलेले नाही, पुढे लिहायला वेळ मिळेलसे वाटत नाही. वर खाडाखोड आहे ती माझीच आहे.

सही: नाथाजी आकाराम घार्गे

आम्ही खाली सह्या करणारांनी नाथाजीराव यांना आमच्यासमोर, शुद्धीवर व स्वतःच्या हाताने सही करताना पाहिले. या कागदान्वये आम्हांस काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: आप्पासो भाऊ गुरव, खंडोबाचे पुजारी, राहणार गव्हाणमाळ

साक्षीदार २: अनंत वामन लिमये, वकील, राहणार इस्लामपूर

ठिकाण: मौजे गव्हाणमाळ, तालुका वाळवा, जिल्हा सांगली

दिनांक: २ मार्च १९७७